साडेआठ इंचांची वीत

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. लगेच नाक मुरडू नका. फळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे येते ती स्वयंपाकघरातली, डब्यांची उतरंड सांभाळणारी. मी तसली नाही. मी सव्वादोन फूट लांब, आठ इंच रुंद आणि इंचभर जाड आहे. म्हणजे होते. आता माझे दोन तुकडे झालेत, मधे एक पितळी बिजागरी आहे आणि अंगाला दोन भोकं आहेत. माझ्या पाठीवर बसून एका कॅमेऱ्यानं मृग नक्षत्राचा असा फोटो काढला, की शहरातली शहाणीसुरती माणसं म्हणाली, हे काही फळीचं काम नव्हे, ही लबाडी आहे. लबाडी! त्या शब्दानं माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की आज बोलल्याशिवाय राहवत नाही.

मला घडवलं सावनेरच्या एका सुतारानं. ज्या झाडातून मी निघाले ते मला आठवत नाही, पण रंधा मारताना तो सुतार म्हणाला होता, "हे लाकूड वाकनार नाही." त्याचं ते बोलणं मी आजवर पाळलं आहे. तिथून मी नागपुरात तांडापेठेत आले, शालिकराम सोनकुसरे नावाच्या एकोणीस वर्षांच्या विणकराच्या घरी. त्याचा माग जमिनीत खड्डा खणून बसवलेला होता. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खाली सोडतो आणि पायांनी माग चालवतो. तो ज्यावर बसतो ती फळी मी.

चाळीस वर्षं, मित्रांनो! चाळीस वर्षं मी त्या माणसाला बसायला जागा दिली. धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पाय वर, पाय खाली, आणि त्याच्या अंगाचा प्रत्येक हेलकावा माझ्यावर. साडी पूर्ण झाली की बायाबापड्या पदर हातात घेऊन म्हणायच्या, काय काठ आहे, काय रंग आहे. मला काही कोणी विचारलं नाही. बरं, मला नाही तर नाही, शालिकरामाला तरी विचारावं? तेही नाही. साड्या गांधीबागेच्या बाजारात जायच्या, तिथं त्यांच्यावर व्यापाऱ्याच्या दुकानाचा शिक्का बसायचा आणि त्या दुकानाच्या नावानं खपायच्या. विणणाऱ्याचं नाव कशावरही नसायचं. चाळीस वर्षांत एकदाही नाही. मला आजही याची चीड येते, शालिकरामाला मात्र तेव्हा येत नव्हती. तो म्हणायचा, "नाव कायले पायजे? माप बरोबर पायजे."

मापाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. शालिकरामाची वीत, म्हणजे ताणलेल्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर, बरोबर नऊ इंच होती. ना सुतभर कमी, ना सुतभर जास्त. नऊवारी साडी म्हणजे छत्तीस वीत. एकदा गांधीबागेत एका व्यापाऱ्याच्या माणसानं लोखंडी गजानं साडी मोजली आणि आखूड ठरवली. शालिकरामानं तिथंच मांडी घालून साडी वितीनं मोजली. छत्तीस भरली. मग भरबाजारात दुसऱ्या दुकानातून नवा गज आणवला, तर काय, आधीचाच गज खोटा निघाला. त्या दिवसापासून तांडापेठेत म्हण पडली होती, "गज चुकल, पण शालिकची वीत चुकनार नाही." नाव कुठं छापलं गेलं नाही, पण हे एवढं त्याचं स्वतःचं होतं.

पुढे हातमाग बसले. तांडापेठेतलं घर गेलं, कुटुंब शहराच्या कडेला हुडकेश्वरला दोन खोल्यांच्या नव्या घरात आलं. माग मोडला, लोखंड भंगारात गेलं, बाकीचं लाकूड चुलीत गेलं. मला तेवढी शालिकरामानं काखेत मारून आणली. आणून कुठं ठेवली? दाराशी, चार विटांवर. आणि त्याच्या सुनेनं, सरितानं, माझ्यावर चपला मांडल्या! सरिता वाईट नाही हो, राबणारी बाई आहे. पण जिच्यावर बसून पैठणीच्या तोडीचे काठ विणले गेले तिच्यावर चिखलाच्या स्लीपर? वीस वर्षं मी तो अपमान गिळला. पावसाळ्यात ओली झाले, उन्हाळ्यात तापले, पण वाकले नाही. सुताराचा शब्द होता.

आणि मग सरिताच्या मुलीला, प्रणालीला, ताऱ्यांचं वेड लागलं.

प्रणाली सव्वीस वर्षांची. रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. दिवसभर मान खाली घालून सूक्ष्मदर्शकात बघायचं, म्हणून संध्याकाळी मान वर करून बघावंसं वाटतं, असं ती म्हणायची. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका फोटोग्राफरनं जुना कॅमेरा विकायला काढला होता, तो तिनं तीनपायी स्टँडसकट घेतला. पहिल्या दिवशी गच्चीवर गेली आणि कॅमेऱ्याला आपोआप फोकस करायला सांगून बसली. अंधारात त्याला काय दिसणार कपाळ? फोटो काळाठिक्कर. दुसऱ्या दिवशी फोकस हातानं केला, तर आकाश नारिंगी आलं, कारण हुडकेश्वरचे नवे दिवे. तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचा डोळा अर्धा मिनिट उघडा ठेवला, तर ताऱ्यांच्या ठिपक्यांऐवजी रेघोट्या उमटल्या. ती जिने उतरताना हे सगळं मोठमोठ्यानं आजोबांना सांगायची आणि मी चपलांखालून ऐकायचे.

रेघोट्या का येतात, हे मला त्यामुळेच कळलं. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकताना दिसतात. कॅमेरा जागचा हलत नाही, मग तारा त्याच्यासमोरून सरकत जातो आणि ताणला जातो. त्यावर उपाय म्हणजे कॅमेराही ताऱ्यांच्या चालीनं फिरवायचा. त्यासाठी मोटरवाली यंत्रं मिळतात. त्यांची किंमत ऐकून सरिता फक्त एवढंच म्हणाली, "त्यात तं तुह्यं लगन होते वं." तेव्हा प्रणालीनं फोनवर एक जुगाड शोधून काढला. दोन फळ्या, मधे बिजागरी, खालून एक बोल्ट. बिजागरी ध्रुवाच्या दिशेला रोखायची आणि बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवायचा. वरची फळी पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखी हळूहळू उघडते, आणि तिच्यावरचा कॅमेरा ताऱ्यांबरोबर चालतो. अट एकच, बोल्टाचं भोक बिजागरीपासून बरोबर नऊ इंचांवर हवं.

आधी तिनं प्लायवूड आणलं. ते आठ दिवसांत वाकलं. मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. तेव्हा दारात बसलेले शालिकराम, घरात सगळे त्यांना आबाजी म्हणतात, काठीनं चपला बाजूला सारून म्हणाले, "हे घे. हे नाही वाकत."

"आबाजी, तुमच्या मागाची आहे ना ते? कापा लागन मधातून."

"मंग काप. चपला ठेवासाठी थोडीच आनली होती मी."

चाळीस वर्षं ज्याला बसवलं तो म्हणतो काप! करवत माझ्यावरून फिरत होती तेव्हा मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. पण तो माझं एक टोक पायाखाली धरून बसला होता, आणि कापलेल्या जागेवरचा भुसा बोटानं हळूच पुसत होता. तेव्हा मग मी गप्प झाले.

बिजागरी बसली. आता भोक. प्रणाली स्केल आणायला आत गेली, तर आबाजी म्हणाले, "स्केल कायले पायजे? नऊ इंच म्हनजे एक वीत." अंगठा बिजागरीवर टेकवला, करंगळी ताणली, तिथं पेन्सिलीची खूण केली. प्रणालीनं खुणेवर ड्रिल लावलं. मोजून बघावं असं तिच्या मनातही आलं नाही. त्या घरात आबाजींची वीत म्हणजे कोर्टाचा निकाल, त्यावर अपील नसतं.

मला मात्र कळलं होतं. तो हात मी चाळीस वर्षं ओळखत होते. एकोणऐंशीव्या वर्षी त्याची बोटं आखडली होती, करंगळी पुरती उघडत नव्हती. पण फळीला कोण विचारतं?

पौषातल्या अमावास्येला आम्ही उमरेडच्या पुढे प्रणालीच्या मामाच्या मिरचीच्या शेतात गेलो. रात्रीचे आठ वाजले होते, मृग चांगला वर आला होता. मला स्टँडवर चढवलं. बिजागरीला चिकटवलेल्या बॉलपेनच्या नळीतून प्रणालीनं ध्रुव धरला. बोल्टाच्या खालच्या टोकाला लोणच्याच्या बरणीचं झाकण मुठीसारखं बसवलं होतं, त्याच्या कडेला चार खाचा. फोन दर पंधरा सेकंदांनी टिक करायचा, तेवढ्यात पाव फेरा. आधी प्रणालीनं फिरवून पाहिलं. तिचा हात झटके देत होता. बाजेवर बसलेले आबाजी म्हणाले, "सरक वं. हे धीराचं काम आहे." त्यांच्या डोळ्यांना आता अंधूकच दिसतं, तारे तर मुळीच नाही. पण खाचा बोटाला लागत होत्या आणि टिक कानाला. ते झाकण असं एकसारखं फिरवत होते की मला वाटलं, पुन्हा माग सुरू झाला. इतक्या वर्षांनी आम्ही दोघं एका कामाला लागलो होतो. मी करवतीचा राग त्या रात्री सोडून दिला.

प्रणालीनं ताळा म्हणून एक फोटो झाकण न फिरवताही काढला. दोन मिनिटांचा. मग बाकीचे सगळे झाकण फिरवून, तेही दोन-दोन मिनिटांचे. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळे छान दिसले. आबाजींनी विचारलं, "कसे आले?" ती म्हणाली, "मस्त."

दुसऱ्या दिवशी घरी लॅपटॉपवर मोठे करून पाहिले, तर एकूण एक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबुळका. प्रणालीनं स्टँड तपासलं, बिजागरी तपासली, बोल्ट तपासला. सगळं करून झाल्यावर शेवटी, अगदी नाइलाजानं, लॅबमधली स्टीलची पट्टी आणून माझ्यावर ठेवली. बिजागरीपासून भोकापर्यंत साडेआठ इंच. तिनं तीनदा मोजलं.

आता बघा तिनं काय केलं. आबाजी बगिच्यात गेले असताना अर्धा इंच पुढे दुसरं भोक पाडलं. आणि पहिल्या भोकात लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून भरला, वरून पॉलिशपेपर मारला आणि चहाचं पाणी लावून रंग मिळवला. आबाजींना सांगितलं, बोल्ट बदलला. ते फक्त "हं" म्हणाले. प्रेमापोटी केलं तिनं, मला कळत होतं. पण मला विचाराल तर मला राग आला. माझ्या अंगावर खोटा डाग बसवला होता, आणि तोही अशा घरात, जिथं गजाचा खोटेपणा भरबाजारात उघडा पाडला होता.

माघातल्या अमावास्येला पुन्हा तेच शेत, तीच बाज, तेच झाकण. दर चार फोटोंनी मला मिटायचं, पुन्हा उघडायचं. चाळीस फोटो झाले. घरी प्रणालीनं ते एकावर एक रचले, आणि मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांखाली, जिथं साध्या डोळ्यांना फक्त धूसर ठिपका दिसतो, तिथं गुलाबी ढग उमलून आला. सभोवतालचे तारे मोहरीच्या दाण्यासारखे गोल. सरितानं पोळी लाटता लाटता बघितलं आणि लाटणं हातात तसंच राहिलं. "हे आपल्या चपलीच्या फळीनं काढलं?" ती म्हणाली. चपलीच्या म्हणे! पण त्या दिवशी मी तेही सोडून दिलं.

शहरात व्योमछंद मंडळ नावाचं आकाशवेड्यांचं एक मंडळ आहे. विज्ञान दिनाला ते फोटोंचं प्रदर्शन भरवतं. त्यात एक गट असतो घरी बनवलेल्या साधनांनी काढलेल्या फोटोंचा. प्रणालीनं अर्ज भरला. 'साधन' या रकान्यात तिनं लिहिलं, "शालिकराम सोनकुसरे यांच्या मागाची फळी." निवडलेल्या फोटोखाली तो रकाना जसाच्या तसा छापून भिंतीवर लागतो, हे तिला माहीत होतं. ते लिहिताना ती काय करत होती, तेही मला समजत होतं. चाळीस वर्षं जे नाव कुठं आलं नाही ते तिला भिंतीवर बघायचं होतं. बक्षिसाचं तिला काही पडलं नव्हतं.

तीन दिवसांत फोन आला. मंडळात हरकत घेतली गेली होती. फोटो तिचाच असेल, पण तो मोटरवाल्या यंत्रावर काढला आणि फळी दाखवायला पुढे केली, अशी. रविवारी सकाळी साधन घेऊन या, संध्याकाळी यादी छापायला जाणार. रात्री काढून दाखवावं, तर अवकाळीचे ढग आठवडाभर हटायला तयार नव्हते.

रविवारी मला चुंगडीत, म्हणजे पोत्यात, घालून स्कूटीवर पायांशी ठेवलं. आबाजी मागे बसले. "फळी माही आहे, मी येतोच," म्हणाले.

मंडळाच्या खोलीत टेबलापलीकडे दोघं होते. मनोहरराव, मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनिअर, मवाळ माणूस. आणि पंकज, ज्यानं हरकत घेतली होती तो, तिशीतला, ज्याच्याकडे मोटरवालं भारी यंत्र आहे. त्यानं मला चुंगडीतून काढलं, दोन बोटांत धरून उघडमीट केलं आणि हसला.

"म्याडम, मी सहा वर्षांपासून हेच करून राहिलो. इतक्या महागाच्या मशीनवर माझे तारे कधी कधी लांबतात. अन् तुमचे या पाटावर गोल आले?"

पाट! माझ्या बिजागरीचा स्क्रू न स्क्रू तापला.

मग त्याची नजर त्या डागावर गेली. त्यानं नखानं कोरून बघितलं. "हे काय? इथं भोक होतं, बुजवलं आहे. अन् नवं भोक ताजं दिसते. सर, हे मागच्या आठवड्यात बनवलेलं दिसून राहिलं. दाखवासाठी."

मनोहरराव प्रणालीकडे वळले. "बेटा, पहिलं भोक काहून बुजवलं?"

प्रणाली टेबलावरच्या चुंगडीची घडी घालू लागली.

"याच्या आधीचे काही फोटो? बिघडलेले असले तरी चालतील. सुरुवातीला सगळ्यांचेच बिघडतात."

ते तर लॅपटॉपमध्येच होते. पौषातल्या त्या रात्रीचे सगळे, तारखेसकट. ते दाखवले की का बिघडले ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं म्हणजे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाची वीत चुकली, हे चारचौघांत बोलायचं. प्रणाली म्हणाली, "नाहीत सर."

अगं वेडे, बोल! मी आतल्या आत ओरडले. मला वाचा नाही याचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, चपलांखालीही नाही. मनोहररावांनी सुस्कारा टाकला, यादी ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. त्यांना ते आवडत नव्हतं हे दिसत होतं. पण त्यांनी रेघ मारायला घेतली.

पेनाचा आवाज आबाजींनी ऐकला. "काय कापून राहिले जी?"

"आजोबा, हे साधनाचं... म्हणजे तुमचं नाव आहे यात. नियम आहे, काय करणार."

आबाजी काठी टेकत उठले. टेबल चाचपलं, मला चाचपलं. बिजागरी सापडली तसा तिच्यावर अंगठा टेकवला आणि बोटं ताणली, पुरी ताणली. ओठ दाबून ताणली, कारण सांधे दुखत होते. करंगळी जाऊन पडली ती थेट त्या बुजवलेल्या भोकावर.

"हे भोक माह्या वितीचं आहे," ते म्हणाले. "ते पुढचं नऊ इंचाचं आहे, पोरीनं पट्टीनं मोजून पाडलं. मोजा."

प्रणालीनं त्यांच्याकडे वळून विचारलं, "आबाजी... तुमाले मालूम होतं?"

"डोये गेले वं माये, बोटं नाही गेले. त्याच दिवशी हाताले लागलं मले. भुसा तो भुसाच, सागवान नाही लागत तसं." मग म्हणाले, "अन् पहिले फोटो चांगले आले असते, तं दुसरं भोक तू कायले पाडलं असतं? दाखव त्यायले. माही वीत आटली. त्यात लाजाची काय गोष्ट आहे? खोटं बोलाची लाज वाटली पायजे."

ती शेवटची ओळ तिला होती. तिनं डोळे पुसले आणि लॅपटॉप उघडला.

पंकजनं पट्टी लावली. साडेआठ. दुसरं भोक, नऊ. आता त्याचं डोकं चालायला लागलं, कारण माणूस खोचक असला तरी हिशेबात पक्का होता. भोक अर्धा इंच अलीकडे असलं तर फळी थोडी जास्त वेगानं उघडणार. किती जास्त? साडेआठात अर्धा, म्हणजे सतरावा हिस्सा. तर मग बिघडलेल्या फोटोत तारा, न फिरवलेल्या फोटोतल्या रेघेच्या सतराव्या हिश्श्याएवढा ताणलेला दिसायला हवा. तेवढाच, कमी नाही, जास्त नाही. मोटरवाल्या यंत्रानं अशी चूक होत नसते.

प्रणालीनं ताळ्याचा फोटो उघडला. पंकजनं पडद्यावर एका ताऱ्याची रेघ मोजली. एकशे दहा ठिपके, म्हणजे पिक्सेल. मग बिघडलेल्या फोटोत तोच तारा. साडेसहा. त्यानं फोनवर भागाकार केला. पुन्हा केला. दुसरा तारा घेतला, तिसरा घेतला. मनोहरराव चष्मा कपाळावर सरकवून बघत होते.

"सतरा," पंकज म्हणाला. मग घसा खाकरून, "सतराच येऊन राहिलं, सर."

मनोहररावांनी टोपण पेनाला लावलं. पंकज उठला आणि आबाजींसमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "आजोबा, ते झाकण तुम्ही फिरवता? मले शिकवान का?" आबाजी म्हणाले, "शिकवतो ना. पन पहिले त्या फळीले पाट नको म्हनू गा." मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा अखंड झाल्यासारखं वाटलं.

घरी येऊन आबाजींनी पहिलं काम काय केलं असेल? एक बारीक खिळा मागून घेतला आणि त्या भोकातला भुसा स्वतः कोरून काढला. सरिता म्हणाली, असू द्या ना, काय बिघडते? ते म्हणाले, "घरात खोटं माप नको."

विज्ञान दिनाला फोटो भिंतीवर लागला. मलाही खाली टेबलावर मांडलं होतं, उघडी करून, दोन्ही भोकं दिसतील अशी. लोक यायचे, फोटो बघायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, कॅमेरा कोणता? कॅमेरा! मी समोर पडले होते, आणि कॅमेरा कोणता! स्वयंपाक आवडला की कढई कोणत्या कंपनीची ते विचारता का तुम्ही? पण असो. जे वाचत होते त्यांच्यासाठी फोटोखाली चिठ्ठी होती.

त्या चिठ्ठीचं सांगते आणि थांबते. आदल्या दिवशी मंडळानं तिचा मजकूर पुन्हा मागवला होता. प्रणालीनं तो नव्यानं लिहून दिला आणि छापून हातात आलेली चिठ्ठी आबाजींना वाचून दाखवली. "साधन, शालिकराम सोनकुसरे यांच्या मागाची फळी. पहिलं मोजमाप, त्यांची वीत, नऊ इंच." चाळीस वर्षं ती नऊ इंचच होती, तिनं काही फार खोटं लिहिलं नव्हतं. आबाजींनी ऐकलं, नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "नाव ऱ्हाऊ दे. नऊ काट."

म्हणून मित्रांनो, माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तारे टिपायचे असतील तर दुकानात पळण्याआधी घराच्या दाराशी, माळ्यावर, चपलांखाली बघा. न वाकणारं काहीतरी तिथं पडलेलं असेल, त्याच्यावरची धूळ झटका. पहिले फोटो बिघडतील, ते पुसून टाकू नका. आणि मापात चूक झाली तर भोक बुजवू नका, त्याच्या शेजारी दुसरं पाडा. माझ्या अंगावर आता दोन्ही आहेत, दोन्ही उघडी. आणि भिंतीवरच्या त्या चिठ्ठीत, जन्मात पहिल्यांदा छापल्या गेलेल्या नावापुढे, 'नऊ'वर एक रेघ होती आणि वर प्रणालीच्या अक्षरात लिहिलं होतं, साडेआठ.